उडी दिसते, थांबणे दिसत नाही

१९९७ मध्ये जेफ स्टोन, झॅकरी पेरी आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहभागी लोकांना महाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्याचे रेडिओवरील समालोचन ऐकवण्यात आले आणि त्यातल्या एका खेळाडूविषयी मत देण्यास सांगण्यात आले. काहींना दाखवलेल्या छायाचित्रात तो खेळाडू कृष्णवर्णीय होता, काहींना दाखवलेल्या छायाचित्रात गोरा. सामना तोच, समालोचन तेच आणि त्या खेळाडूची कामगिरीही तीच होती. तरीही ज्यांनी त्याला कृष्णवर्णीय मानले त्यांना त्याची शारीरिक क्षमता अधिक वाटली आणि ज्यांनी गोरा मानले त्यांना त्याच्यात अंगची देणगी कमी, पण खेळाची समज आणि धडपड जास्त असल्याचे जाणवले. त्या खेळाडूला धावताना किंवा उडी मारताना यांपैकी कोणीही पाहिलेले नव्हते.

चाहते एखाद्या तरुण खेळाडूला ‘ॲथलेटिक आहे’ किंवा ‘ॲथलेटिक नाही’ असे म्हणतात, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. आपण तर खेळाडूला प्रत्यक्ष पाहत असतो, मग आपली फसगत कशी होईल, असे कोणी विचारेल. मला वाटते, पाहिल्यामुळे ती अधिक सहज होते, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस शंका घेत नाही. विशीच्या उंबरठ्यावरच्या बास्केटबॉलपटूच्या शरीराविषयी आपण ज्या ठामपणे बोलतो, त्या ठामपणाला पुरेसा आधार नसतो, असे माझे मत आहे. शरीर करत असलेल्या कामाचा अगदी थोडा भाग आपल्याला दिसतो, आणि जे शरीर अजून घडते आहे त्याच्यावर आपण कायमचा शिक्का मारून मोकळे होतो.

अमेरिकन बास्केटबॉलपटू रीड शेपर्डचे उदाहरण पाहा. केंटकी विद्यापीठाकडून तो एकच हंगाम खेळला. २०२३-२४ च्या त्या हंगामात त्याच्या थ्री-पॉइंटरपैकी, म्हणजे लांबून घेतलेल्या तीन गुणांच्या नेमांपैकी, ५२ टक्के यशस्वी ठरले. आई-वडील दोघेही त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉलपटू, अनवाणी उंची सहा फूट दोन इंचांहून किंचित कमी आणि देहयष्टी नजरेत न भरणारी. त्यामुळे उत्तम नेमबाज, खेळाची जाण असलेला, पण शरीराने सामान्य, असे त्याचे वर्णन होऊ लागले. एन.बी.ए. या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू क्रमाने निवडतात. मे २०२४ मध्ये शिकागोत ड्राफ्टपूर्व चाचण्या झाल्या. तेथे त्याने धावत येऊन ४२ इंचांची, म्हणजे जवळजवळ १०७ सेंटिमीटरची उडी मारली. ती त्या वर्षीच्या सर्वोत्तम उड्यांपैकी एक होती. ज्या खेळाडूला चाहते ‘शरीराने कमी’ म्हणत होते तो एकाएकी ‘छुपा ॲथलीट’ झाला. जूनमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. पहिल्या हंगामात तो बहुतेक वेळ बाकावर बसला आणि त्याच्या गुणांची सरासरी पाचच्याही खाली राहिली, तेव्हा या लीगसाठी त्याचे शरीर अपुरे आहे, हा जुना निकाल परत आला. वर्षभरात तीन निकाल लागले आणि शरीर मात्र एकच होते.

त्या वर्षी ह्यूस्टनमध्ये काय घडत होते, हे पाहिले तर बाकावर बसण्याचे कारण शरीराबाहेरही सापडते. प्रशिक्षक इमे उडोका यांचा संघ बचावाच्या बळावर ५२ सामने जिंकून पश्चिम विभागात दुसरा आला. गार्डच्या, म्हणजे चेंडू हाताळत खेळ रचणाऱ्यांच्या, जागांवर फ्रेड व्हॅनव्लीट, जेलन ग्रीन आणि आमेन थॉम्पसन त्याच्या पुढे होते. असा संघ वीस वर्षांच्या मुलाला चुका करत शिकण्यासाठी मिनिटे देत नाही, कारण त्याला सामने जिंकायचे असतात. मिनिटे कमी मिळाली की आकडे कमी येतात, आकडे कमी आले की आपण कारण शोधतो, आणि सर्वांत हाताशी असलेले कारण म्हणजे खेळाडूचे शरीर. कमकुवत संघात हाच मुलगा रोज तीस मिनिटे खेळला असता, तर त्याच्याविषयी याच्या अगदी उलट बोलले गेले असते, असे मला वाटते.

त्याच संघातला आमेन थॉम्पसन या गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू लीगमधल्या सर्वांत विलक्षण शरीरांपैकी एक मानला जातो आणि ते खरेच आहे. पण २०२५ मध्ये त्याची सर्वोत्तम बचाव संघात निवड झाली, ती नुसत्या उडीच्या जोरावर होत नाही. समोरचा गार्ड स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्या साथीदाराच्या, कोणत्या बाजूने निघेल हे ओळखणे, छातीने अडवताना हात मागे ठेवून फाउल टाळणे, मदतीला गेल्यावर आपल्या माणसाकडे परतायचे अंतर मनात धरून ठेवणे, हे सारे शिकावे लागते. चाहते त्याचा ब्लॉक पाहतात आणि ‘काय शरीर आहे’ म्हणतात. शेपर्डने चेंडू हिसकावला की ‘काय डोके आहे’ म्हणतात. एकाची शिकलेली विद्या आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याचे शरीर दिसत नाही. रेडिओच्या प्रयोगात एकाच खेळाडूची जी दोन रूपे लोकांना जाणवली, ती आज एकाच संघाचा गणवेश घालून उभी आहेत.

या दृष्टिदोषातून व्यावसायिकही सुटलेले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठात शिकलेल्या जेरेमी लिनला २०१० च्या ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नाही. डिसेंबर २०११ मध्ये ह्यूस्टनने त्याला करारमुक्त केले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो न्यूयॉर्क निक्सकडून खेळताना लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध ३८ गुण करून गेला. ह्यूस्टनचे तेव्हाचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी पुढे स्पष्टपणे मान्य केले, की लिनची शारीरिक क्षमता उत्तम होती, पण आपल्यासह सर्वांनी त्याला तसे मानले नाही आणि तो आशियाई वंशाचा आहे याखेरीज त्याचे कारण आपल्याला सापडत नाही. आकडेवारीवर संघ उभा करण्यासाठी ओळखला जाणारा माणूस हे म्हणतो, तेव्हा घरी बसून सामना पाहणाऱ्या आपण आपल्या नजरेवर किती विसंबावे, याचा विचार करायला हवा. या पूर्वग्रहात अन्याय दोन्हीकडे होतो. गोऱ्या किंवा आशियाई मुलाचे शरीर नाकारले जाते, आणि कृष्णवर्णीय मुलाने भल्या पहाटे उठून वर्षानुवर्षे कमावलेली गोष्ट त्याला जन्मतःच मिळाली होती, असे धरले जाते. यातला दुसरा अन्याय मला अधिक जड वाटतो, कारण तो स्तुतीच्या रूपात येतो आणि म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही.

आता मोजमापाकडे येऊ. शिकागोतल्या चाचण्यांत उभ्या जागेवरून मारलेली उडी, धावत येऊन मारलेली उडी, मैदानाच्या तीन चतुर्थांश लांबीची धाव आणि रिंगसमोरच्या आयताभोवती, म्हणजे लेनभोवती, दिशा बदलत पळण्याचा वेळ मोजला जातो. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. शेपर्डच्या बाबतीत तर त्यांनीच चाहत्यांची चूक दाखवली. पण त्या एकट्या खेळाडूच्या एकाच उत्कट प्रयत्नाचे माप घेतात. २०२१ मध्ये कियॉन जॉन्सनने तेथे ४८ इंचांची उडी मारून विक्रम केला. त्याची निवड २१ व्या क्रमांकावर झाली आणि त्यानंतर एका संघात पक्के स्थान मिळवण्यासाठीच त्याला झगडावे लागले. उडीचा आकडा खोटा नव्हता. सामन्यात मात्र मोकळी धाव घ्यायला जागा नसते, खांद्याला खांदा लागलेला असतो आणि चेंडू रिंगला आपटून कोठे उडेल हे आधी ठरलेले नसते. तेथे जमीन सर्वांत आधी कोण सोडतो, खाली येऊन लगेच दुसऱ्यांदा कोण वर जातो, याला महत्त्व येते. २००७ मध्ये बेंच प्रेसवरचे १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो वजन केव्हिन ड्युरंटला एकदाही उचलता आले नव्हते. ड्राफ्टपूर्व चाचणीतले ते अपयश तेव्हा गाजले, आणि २०१४ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बास्केटबॉलमध्ये शरीराकडून मागितली जाणारी सर्वांत मोलाची एक गोष्ट म्हणजे थांबणे. पूर्ण वेगात असलेला आक्रमक एका पावलात थांबला आणि त्याला अडवणाऱ्याला थांबायला दोन पावले लागली, तर त्या एका पावलाच्या फरकातून नेम धरण्याइतकी मोकळी जागा तयार होते. वेगात आक्रमक बचाव करणाऱ्याहून उणा असला तरी हे घडते. त्यासाठी मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंना ताणले जात असतानाच प्रचंड बल पेलावे लागते, घोटा आणि गुडघा योग्य कोनात रोवावा लागतो आणि वरचे धड शांत ठेवावे लागते. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे मार्कस इलियट यांच्या पी-थ्री या संस्थेत खेळाडूंच्या हालचालींचे सूक्ष्म मापन होते. जेम्स हार्डनच्या चाचण्यांत तेथे असे आढळले, की त्याच्या उडीत डोळे दिपावेत असे काही नसले, तरी वेग मारण्याची त्याची ताकद असामान्य आहे. लुका डॉन्सिचविषयीही तेथून हेच सांगितले गेले.

डॉन्सिचची गोष्ट तर फार जुनी नाही. २०१८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रेआल माद्रिदकडून त्याने युरोलीग जिंकली आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढे करूनही अमेरिकेतल्या वेगवान खेळात त्याच्या शरीराचा निभाव लागेल का, हा प्रश्न ड्राफ्टच्या दिवसापर्यंत विचारला जात होता. तिसऱ्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या या मुलाने पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार घेतला. यावर बहुतेकांचे स्पष्टीकरण असे, की त्याने बुद्धीच्या जोरावर शरीराची उणीव भरून काढली. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. बुद्धीने स्टेप-बॅक, म्हणजे नेम धरण्यासाठी झटकन मागे टाकलेले पाऊल, कधी घ्यायचा ते कळेल, पण शंभर किलोंच्या आसपासचे शरीर त्या क्षणी एका पायावर थोपवायला शरीरच लागते. डॉन्सिच ॲथलेटिक होताच. त्याच्याकडे असलेल्या क्षमतेसाठी आपल्याकडे शब्द नव्हता. शे गिल्जस-अलेक्झांडरच्या बाबतीत हा शब्द अजूनही सापडलेला नाही. २०१८ च्याच ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेलेला, पहिल्या हंगामात सरासरी जेमतेम अकरा गुण करणारा हा गार्ड २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि ओक्लाहोमा सिटीने विजेतेपद मिळवले. त्याचा खेळ म्हणजे हळू, एकदम वेगात, पुन्हा हळू. बचाव करणाऱ्याचा तोल नेमक्या कोणत्या पायावर आहे, हे त्याच्या पावलांना कळते. संक्षिप्त चित्रफितींत हे फारसे उतरत नाही, कारण तेथे डंक, म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणे, उठून दिसतो.

काळाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते आणि ताकद तिच्या मागून येते. हातपाय लांबलेले, पण त्यांना पेलणारे बळ अजून न आलेले, अशी काही वर्षे प्रत्येक उंच मुलाच्या वाट्याला येतात आणि त्या काळात तो बेढब दिसतो. अँथनी डेव्हिस शालेय वर्षांत सहा-सात इंचांहून अधिक वाढला. तोपर्यंत तो गार्ड म्हणून खेळत होता आणि मोठ्या विद्यापीठांचे त्याच्याकडे फारसे लक्ष नव्हते. २०१२ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला आला. यानिस आंतेतोकुंपो २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळून आला होता आणि त्याची उंचीसुद्धा अजून वाढत होती. पहिल्या हंगामात त्याची सरासरी ६.८ गुणांची होती. २०२१ च्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले. आज कोणी त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणते, तेव्हा त्या दोन आकड्यांमधली आठ वर्षे, त्यातला व्यायाम, आहार, झोप आणि चुका एका शब्दात पुसल्या जातात. लीगच्या नियमानुसार ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला एकोणीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ताकदीची वाढ मात्र विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणजे आपण ज्या वयात निकाल देतो, त्यानंतरही पाच-सहा वर्षे ते शरीर बदलत असते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो बळकट आहे. ही सारी नावे अपवादांची आहेत. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर घेतलेला निकोला योकिच तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पण योकिचसारखेच संथ असलेले आणि कोठेही न पोचलेले उंच खेळाडू कोणाच्या लक्षात राहत नाहीत. यशस्वी झालेल्यांकडे पाहून सिद्धांत मांडला, की तो नेहमी खरा भासतो. मी हा आक्षेप मान्य करतो. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर आहे आणि ती कोणासाठी खाली येत नाही. आयझेया थॉमस पाच फूट नऊ इंचांचा, २०११ च्या ड्राफ्टमधली अगदी शेवटची, साठावी निवड. २०१६-१७ मध्ये त्याने बॉस्टनसाठी सरासरी २८.९ गुण केले. नंतर कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने पहिल्या पावलाचा स्फोट गेला आणि त्याची कारकीर्द पुन्हा त्या उंचीवर पोचली नाही. जिद्द तीच होती, समजही तीच होती. तेव्हा शरीराला महत्त्व नाही, असे म्हणणारा खेळ समजून घेत नाही. माझा वाद त्या महत्त्वाशी नाही. उडीसारख्या एका खुणेवरून संपूर्ण शरीर वाचल्याचा आणि आजच्या शरीरावरून पाच वर्षांनंतरचे शरीर ओळखल्याचा जो दावा केला जातो, त्याच्याशी आहे. संथ उंच खेळाडू बहुतेक वेळा अयशस्वी ठरतात, हे विधान खरे असू शकते. त्यावरून ‘हा मुलगा अयशस्वी ठरेल’ असे म्हणण्याआधी तो नेमका कशात संथ आहे, हे तरी पाहावे लागेल.

हे शब्द हवेत विरून जातात असेही नाही. चेट होल्मग्रेन २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा त्याच्या किडकिडीत देहाचीच सर्वाधिक चर्चा झाली. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्या पावलाला गंभीर दुखापत झाली आणि पहिला हंगाम संपूर्ण वाया गेला, तेव्हा अनेकांना आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले. पुढच्या हंगामात तो सर्व ८२ सामने खेळला. बारीक असण्याचा आणि पावलाचे हाड दुखावण्याचा थेट संबंध जोडणे सोपे आहे, पण भरभक्कम देहाच्या ग्रेग ओडनचे गुडघेही टिकले नाहीत. २००७ मध्ये ड्युरंटच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, त्याचीच निवड झाली होती. मला काळजी वाटते ती या बोलण्याचा ताण झेलणाऱ्या, त्याहूनही लहान मुलांची. ‘वजन वाढव’, ‘उडी वाढव’ हे सतत ऐकणारा सोळा वर्षांचा मुलगा अजून पक्क्या न झालेल्या सांध्यांवर भार टाकू लागतो. स्नायू लवकर बळकट होतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश, आणि गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे हे उड्या मारणाऱ्या खेळाडूंचे नेहमीचे दुखणे आहे. एन.बी.ए. आणि यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ मध्ये लहान खेळाडूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत चौदा वर्षांपर्यंत मुलांनी एकाच खेळाला वाहून घेऊ नये आणि सामन्यांची संख्या मर्यादित ठेवावी, असे सुचवले गेले. संघटना हे सांगत असताना चाहत्यांची दाद तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डंकलाच मिळत असेल, तर मुलगा कोणाचे ऐकेल, हे उघड आहे.

चाहत्याने मत देऊ नये, असे मी म्हणत नाही. मत देण्यातच खेळ पाहण्याचा निम्मा आनंद आहे आणि तो मी सोडणार नाही. फक्त ते मत तपासता येईल असे असावे. ‘हा ॲथलेटिक नाही’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘उजवीकडे जाताना याला थांबायला एक पाऊल जास्त लागते’ हे वाक्य तपासता येते, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहता येते, आणि चुकलेले असल्यास मागे घेता येते. असे बोलायचे तर चेंडूवरची नजर काढून काही वेळ पायांकडे न्यावी लागते. चौथ्या क्वार्टरमध्ये दमल्यावर बचावाची बैठक किती वर येते, स्क्रीनवर आदळल्यानंतर तोल सावरायला किती वेळ जातो, दुसऱ्या उडीला उशीर होतो का, हे पाहावे लागते. मी असे पाहू लागलो तेव्हा काही आवडत्या खेळाडूंविषयीचे माझे मत खाली आले आणि ज्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते अशा दोघा-तिघांविषयीचे वर गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये व्हॅनव्लीटच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि ह्यूस्टनमध्ये शेपर्डसाठी मिनिटे मोकळी झाली. त्याच्या शरीरात त्या दिवशी काहीही बदलले नव्हते. आता त्याच्यासमोर थकलेले पाय असतील, त्याला मुद्दाम स्क्रीनमध्ये ओढणारे मोठे गार्ड असतील आणि एकाच सामन्यात तीच चूक दोनदा करण्याची मुभाही असेल. त्याने एखाद्या रात्री डंक मारला तर ती चित्रफीत सर्वत्र फिरेल. मी मात्र त्याच्याहून चार इंच उंच गार्ड खांदा लावून आत घुसतो तेव्हा त्याचा मागचा पाय जमिनीवर कसा रोवला जातो, ते पाहत राहणार आहे.